बसत नाही

कवळीताईचं खरं नाव दवाखान्यांमधल्या कुणालाही धड ठाऊक नव्हतं. शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांच्या कवळ्या ती बनवायची आणि सगळे तिला कवळीताईच म्हणायचे. काम होतं एका गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. खाली चाव्या बनवणारा, वर ही. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पातळ वड्या, प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले. नवीन माणूस आत आला की त्या जबड्यांकडे बघून आधी दोन पावलं मागे सरकायचा. कवळीताईला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. तिला वैताग यायचा तो वेगळ्याच गोष्टींचा. डॉक्टर माप घाईत घ्यायचे, साचा वाकडा पाठवायचे आणि कवळी टोचली की फोन तिला करायचे. पेशंटचा जबडा डॉक्टरांनी बघितलेला, तिनं नाही, पण टोचलं की दोष तिचा.

तरीही बाहेरचे पेशंट परवडले, असं तिला घरी आल्यावर वाटायचं. घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंची कवळी तिनंच बनवली होती. एकदा नाही, किती वेळा ते आता मोजणंही सोडून दिलं होतं. माप स्वतः घ्यायची, मेण स्वतः कोरायची, दात एकेक करून लावायची. सासूबाई ती तोंडात घालायच्या, जबडा दोनदा इकडेतिकडे हलवायच्या आणि म्हणायच्या, "बसत नाही." कुठं टोचतंय विचारलं तर म्हणायच्या, टोचत नाही. सैल आहे का विचारलं तर म्हणायच्या, सैलही नाही. मग काय होतंय, तर बसत नाही. हे दोन शब्द त्या खुर्चीबद्दलही बोलायच्या, चपलेबद्दलही, पलंगाबद्दलही, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं सुनेबद्दलही बोलल्या होत्या, ते कवळीताई विसरली नव्हती.

सिनेमाची सुरुवात या वैतागातूनच झाली. एका दुपारी लॅबमध्ये काम कमी होतं. सासूबाईंची कवळी पुन्हा परत आलेली, समोर पडलेली. कवळीताईनं उरलेल्या मेणाचा गोळा बोटांत मळता मळता त्याचं एक डोकं केलं. सुपारीपेक्षा थोडं मोठं. कोरणीनं गाल आत ओढले, हनुवटी पुढं काढली, तोंड असं केलं की आता ते उघडणार आणि तेच दोन शब्द म्हणणार. कवळ्या न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ते डोकं कवळीताईनं रुमालात गुंडाळून घरी आणलं.

मुलगी तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिनं फोनवर सांगितलं की आई, ही बाहुली हलवता येईल. थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाच्या हालचालीला बारा फोटो. फोटो एकामागोमाग पळवले की ती चालायला लागते. मुलगी हे गंमत म्हणून बोलली आणि विसरून गेली. आईनं मात्र मुलीच्या रिकाम्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला, मध्ये टेबल ओढलं आणि कामाला लागली.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी आहे. तिची कवळी बसत नाही. ती घरभर कुरकुरत फिरते, या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, या चपलेतून त्या चपलेत, खिडकी उघडते, लावते, काहीच मनासारखं बसत नाही आणि म्हणून तीही कुठं बसत नाही. शेवटी ती कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकते, पायरीवर बसते आणि बोळक्या तोंडानं हसते. बस्स, एवढीच. पाच मिनिटांची. तीन वर्षं लागली.

का लागली हे कुणी विचारलं तर कवळीताईच्या कपाळावर आठ्या पडत. पहिला दिवा लावला तेव्हा पिवळा बल्ब होता. अर्ध्या तासात म्हातारीचं नाक ओठावर आलं. दुसऱ्या वेळी कान गळाले. मेण गरम झालं की मऊ होतं हे सगळ्या गावाला सांगणारी बाई स्वतः ते विसरली, म्हणून ती स्वतःवरच इतकी चिडली की दोन दिवस त्या खोलीत गेली नाही. मग थंड उजेडाचे दिवे आणले. शरीर तारेचं केलं, त्यावर कापूस आणि कापड. तोंडं मात्र मेणाची, आणि एक नाही, ढीगभर. बंद तोंड, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, वाकडं, पुटपुटणारं. औषधाच्या गोळ्यांच्या डब्यातल्या कप्प्यांत ती तोंडं ओळीनं ठेवलेली असायची. म्हातारीची कवळी तांदळाच्या दाण्यांएवढ्या दातांची होती, आणि खऱ्या कवळीसारखीच साच्यातून काढलेली. ती कोरताना कवळीताईनं जेवढा जीव ओतला तेवढा कुठल्याही पेशंटसाठी ओतला नसेल.

पेल्यातलं पाणी हा आणखी एक छळ. खरं पाणी प्रत्येक फोटोत वेगळं दिसायचं. टेबलाला धक्का लागला की थरथरायचं, संध्याकाळपर्यंत कमी व्हायचं. शेवटी तिनं केसांना लावायची पारदर्शक जेल आणली आणि पेल्यात भरली. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, डोक्यावर एक केस नाही. दुकानदारानं त्याला जेलचे चार डबे घेताना बघितलं आणि वर गंभीरपणे विचारलं की फरक पडतोय का. ते नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं, वर सल्लाही दिला की पाणी दाखवायचंच कशाला, म्हातारीनं कवळी कपाटात ठेवावी. नवऱ्याचे सल्ले असेच असत. जे अवघड असेल ते काढून टाकायचं. आयुष्यभर पाइप जोडलेल्या माणसाचा स्वभाव, गळतंय तिथं बंद करा.

पण नवरा निदान खोलीबाहेरून बोलायचा. सासूबाई आत यायच्या.

कवळीताई लॅबला गेली की त्या त्या खोलीत शिरायच्या आणि बाहुलीकडे बघत बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं की ही मी नाही, माझं नाक असं नाही. तरी त्यांचं तिथून पाऊल निघत नसे. एकदा कवळीताईनं म्हातारीला शाल पांघरून खुर्चीवरून उठताना अर्ध्यात सोडलं होतं. कमरेतून वाकलेली, एक हात हवेत, शालीचं टोक खांद्यावरून घसरतंय. ते टोक घसरवायला तिला सगळा रविवार लागला होता, कारण कापड आपल्या मनानं पडतं, म्हणून शालीच्या काठातून तिनं केसासारखी बारीक तार ओवली होती. सोमवारी संध्याकाळी येऊन बघते तर म्हातारी खुर्चीत मागे टेकलेली आणि शाल गुडघ्यांपर्यंत नीट पांघरलेली.

"आई, हिला हात कुणी लावला?"

"मी. गारठली असती ती. किती वेळ वाकवून ठेवलीस," सासूबाई म्हणाल्या.

तारेच्या बाहुलीला थंडी वाजत नाही हे ऐंशी ओलांडलेल्या बाईला कसं समजवावं, आणि समजावलं तरी ऐकतंय कोण. तिनं दाराला कडी लावून घेतली, पुन्हा पहिल्यापासून ती बाहुली वाकवायला घेतली. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत राहिला की घरातल्या खोलीला कडी लावायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

आवाजाची वेळ आली तेव्हा तर तिनं हातच टेकले. म्हातारीची कुरकुर ही शब्दांची नव्हतीच, पुटपुटण्याची होती, आणि ते पुटपुटणं सासूबाईंशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. हे त्यांना सांगितल्यावर त्या तयार झाल्या, पण कवळी लावून. बिनदातांचं बोलणं लोकांना ऐकवायची त्यांची तयारी नव्हती. कवळी लावली की ती वाजायची. एरवी दिवसभर ज्यांच्या तोंडाला विश्रांती नसे त्या बाई आवाज टिपायचं मशीन समोर आलं की एकदम सभ्य व्हायच्या. "मी फार समाधानी आहे," असं त्यांनी एका दुपारी स्पष्ट आवाजात मशीनला सांगितलं. कवळीताईनं मशीन बंद केलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

शेवटी तिनं वेगळाच मार्ग काढला. मशीन सुरू करून पडद्यामागे ठेवलं आणि सासूबाईंना नुसतं विचारलं की शेजारच्या नव्या बिऱ्हाडाबद्दल काय मत आहे. पुढचा तासभर काही विचारावं लागलं नाही. कुरकुर मिळाली, खजिनाच मिळाला. राहिलं ते फक्त हसू. हसा म्हटल्यावर त्या खोकायच्या. किस्सा सांगावा तर तो त्यांना आधीच ठाऊक असायचा, तो कसा सांगायला हवा होता हेही त्या सांगायच्या. मग एका सकाळी मशीन चालू असताना नवरा दिवा धरायला म्हणून आत आला, मागे सरकला आणि टेबलाच्या कडेवर टेकला. पुठ्ठ्याची भिंत, खिडकी, दोन खुर्च्या आणि पायरी, बाहुलीचं सगळं घर त्याच्यासकट खाली आलं. तो जमिनीवर बसलेला, टकलावर खिडकी अडकलेली. सासूबाई हसायला लागल्या. पोटातून, दम लागेपर्यंत, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होत, मुलीसारख्या. एका महिन्याचं काम मोडलं म्हणून कवळीताईचा तिळपापड झाला होता, पण ती भिंत उचलायच्या आधी मशीनपाशी गेली. हसू आलं होतं. पूर्ण आलं होतं. ते हसू तिनं पुढं कितीतरी वेळा ऐकलं, त्यातला नवऱ्याचा "अगंगं" कापून काढला, आणि म्हातारीच्या तोंडांचे सगळे कप्पे रिकामे करून त्या हसण्याशी एकेक ओठ जुळवला. सिनेमात सगळ्यात चांगलं काय जमलं असं तिला कुणी विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती. पण कुणी विचारलं नाही.

मुलीनं सिनेमा एका लघुपट महोत्सवाला पाठवून दिला आणि तो निवडला गेला. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात दाखवणार होते. सगळे गेले. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, कारण लांबचं दिसत नाही. कवळीताई त्यांच्या शेजारी. आयोजक म्हणजे एक दाढीवाले गृहस्थ होते, सतत इकडून तिकडे धावणारे, गळ्यात ओळखपत्र आणि हातात चहाचा पेला, जो त्यांनी शेवटपर्यंत प्यायला नाही.

दिवे गेले. पडद्यावर शीर्षक आलं, 'बसत नाही'. म्हातारी आली. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज नाही.

कवळीताईला आधी वाटलं, येईल. म्हातारी खुर्चीवरून उठली, शाल घसरली, तोंड हलत होतं आणि सभागृहात फक्त पंख्याची घरघर. ती उठली, अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत मागच्या खोलीपाशी गेली. तिथं एक मुलगी घाईघाईनं वायरी काढत घालत होती. कवळीताई म्हणाली, थांबवा आणि पहिल्यापासून लावा. दाढीवाले म्हणाले, आता थांबवलं तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडेल, चालू द्या, वायर सापडेलच. कवळीताई म्हणाली, माझी तीन वर्षं कोलमडतायत त्याचं काय. ते म्हणाले, जरा हळू बोला, लोक बघतायत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"त्या खुर्चीवर कशाला बसतेस? डुगडुगते ती."

तो आवाज कवळीताईनं झोपेतही ओळखला असता. सासूबाईंना आपण कुठं बसलोय याचं भान नव्हतं. समोर त्यांच्यासारखी एक बाई खुर्ची निवडत होती आणि चुकीची निवडत होती. त्या तिच्याशी बोलत होत्या. सभागृहात कुणीतरी हसलं. त्यावर त्या म्हणाल्या, "हसायला काय झालं? पडली म्हणजे कळेल." मग आणखी हसू. मग म्हातारी चपला बदलायला लागली आणि सासूबाईंनी चपला बनवणाऱ्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. खिडकी उघडली तेव्हा म्हणाल्या, लाव ती, धूळ येते. लावली तेव्हा म्हणाल्या, आता उकडेल. कवळी बसत नव्हती म्हणून त्यांनी मध्येच ती काढून रुमालात ठेवली होती, त्यामुळे सगळं बोलणं बोळक्या तोंडातून येत होतं, म्हातारीच्या ओठांवर बरोबर बसत होतं. मशीनसमोर जे त्यांनी कधी केलं नसतं ते भरल्या सभागृहात करून मोकळ्या झाल्या होत्या. शेवटी पडद्यावरच्या म्हातारीनंही कवळी काढून पेल्यात टाकली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हां. आता कसं." आणि हसल्या.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कवळीताईला मागून नुसती डोकी दिसली. वायर हातात घेतलेली मुलगी म्हणाली, सापडली.

दाढीवाल्यांनी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, काय कल्पना आहे, पात्रानंच समोर बसून पात्राशी बोलायचं. कवळीताई म्हणाली, "अहो, आवाज बंद पडला होता. तुमच्या समोरच तर मी सांगत होते." ते हसले, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, मोठे कलाकार असंच बोलतात.

सिनेमाला बक्षीस मिळालं. ते होतं 'विशेष थेट सादरीकरणासाठी', आणि ते घ्यायला सासूबाईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. तीन ओळी सासूबाईंच्या होत्या. चौथीत म्हटलं होतं की पार्श्वभूमीला सरकणारी चित्रंही परिणाम साधतात.

सरकणारी चित्रं. कवळीताई तो आठवडाभर तेवढंच बोलत होती. मेण वितळवताना, कपडे वाळत घालताना, नवऱ्यानं मीठ मागितलं तर मीठ देताना. नवरा म्हणाला, आता झालं ते झालं, नाव झालं ना घराण्याचं. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून फिरायला गेला. मुलगी फोनवर म्हणाली, आई, तू पण ना, गंमत बघ की यातली. गंमत तिलाही दिसत होती. पण जी शाल घसरवायला तिनं एक रविवार घालवला, आणि सासूबाईंच्या कृपेनं दोन, ती शाल कुणीही बघितली नव्हती, आणि घरात त्याच सासूबाई बक्षिसाची ढाल कुठं ठेवल्यावर बरी दिसेल याचा विचार करत होत्या. एकाही जागी ती बसत नव्हती.

पुढचं बोलावणं दंतवैद्यांच्या वार्षिक मेळाव्याचं होतं. लॅबमध्ये येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच ते जमवलं होतं, म्हणून नाही म्हणता येईना. यावेळी कवळीताईनं तासभर आधी जाऊन आवाज तपासला. उत्तम चालत होता. ती जागेवर येऊन बसली, दिवे गेले आणि आवाज बंद केला गेला. संयोजकांनी मुद्दाम बंद केला होता. त्यांना थेट सादरीकरण हवं होतं.

सासूबाई तोवर सरावल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा बोलण्यापूर्वी घसाही साफ केला. पण समोर सगळे दातांचे डॉक्टर बसलेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे त्या पडद्यावरच्या म्हातारीला सोडून मध्येच प्रेक्षकांकडे वळल्या आणि आपल्या कवळीची कैफियत मांडली. सिनेमा मागे चालू होता. तो संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना गराडा घातला. एकेकानं तोंडात बघितलं, कवळी लावून बघितली, काढून बघितली. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, आजी, कवळी अगदी छान बसलीय हो.

"तुमच्या तोंडात बसलीय का?" सासूबाईंनी विचारलं. पुन्हा टाळ्या.

कवळी कुणी बनवली असं डॉक्टरांनी विचारलं नाही, ते बरंच झालं असं कवळीताईला वाटलं. घरी येताना रिक्षात ती मनातल्या मनात बोलत होती. आता बास. आता सरळ सांगायचं, आई, हा माझा सिनेमा आहे. हे वाक्य तिनं मनात घोळवून घोळवून पक्कं केलं होतं. रागाच्या भरात सांगायचं नाही, शांतपणे सांगायचं, पण सांगायचं.

संधी लवकरच आली. दुसऱ्या शहरातल्या एका चित्रकला महाविद्यालयानं बोलावलं. पत्रात आजींनाही आणावं असं आवर्जून लिहिलं होतं. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी सफरचंदाच्या अगदी बारीक फोडी करत बसल्या होत्या. कवळीताई समोर बसली, मनातलं वाक्य जिभेवर आणलं, पण सासूबाईच आधी बोलल्या.

"मी नाही यायची."

"का? गुडघे दुखतायत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय. त्या दातवाल्यांकडे मी बोलताना वळून बघितलं. पडद्याकडे एक माणूस बघत नव्हता. सगळे माझ्याकडे."

"तुम्हाला आवडलं होतं की ते."

"आवडलं ना. न आवडायला काय झालं. म्हणूनच सांगते." त्यांनी फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली. "माझ्या बोलण्याचं काय, मी घरीही बोलते. तू त्या खोलीत मान मोडून काम करत होतीस ते मी दारातून रोज बघत होते. कडी लावायचीस तेव्हा फटीतून."

कवळीताईनं इतके दिवस भांडायची तयारी केली होती आणि आता भांडायला काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदा आला तो पुन्हा रागच. हेच चार महिन्यांपूर्वी म्हणाल्या असत्या तर. मग तिला वाटलं, आपण निदान काहीतरी चांगलं बोलावं. पण तोवर सासूबाई म्हणाल्या की ते नाक मात्र शेवटपर्यंत चुकलंच, आणि ती वेळ गेली.

कवळीताई एकटीच गेली. महाविद्यालयाचा वर्ग होता, सभागृह नव्हे. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, बसायला बाक. आजी आल्या नाहीत म्हणून प्राध्यापकबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. आवाज लागला. कुरकुर सुरू झाली आणि कवळीताईनं डोळे मिटले, कारण चित्र तिला पाठ होतं. शेजारच्या बिऱ्हाडावरची ती सगळी टीका आता खुर्चीवरची टीका झाली होती. मधूनमधून कुणी हसलं, मोठ्यानं नाही. मग ते हसू आलं, दम लागेपर्यंत, आणि वर्गातली मुलंमुली त्याच्याबरोबर हसायला लागली, आणि म्हातारी पायरीवर बसलेली राहिली आणि दिवे लागले. टाळ्या झाल्या. उभं कुणी राहिलं नाही.

तिला थोडं वाईट वाटलं, ते तिनं स्वतःशी कबूल केलं. इतका सोस केला तो याच टाळ्यांसाठी का, असंही वाटलं. प्रश्नोत्तरांना पहिल्या मुलानं विचारलं की म्हातारीच्या एकटेपणातून तुम्हाला समाजाबद्दल काय म्हणायचंय. कवळीताई म्हणाली, एकटी नाहीये ती, घरात बाकीची माणसं आहेत, ती कामावर गेलीत. दुसऱ्यानं गुलाबी रंगाचा अर्थ विचारला. तिनं सांगितलं, कवळीचं मेण गुलाबी येतं. मुलं वहीत लिहून घेत होती आणि तिचा पुन्हा जीव मेटाकुटीला यायला लागला होता.

मग मागच्या बाकावरून एक मध्यमवयीन बाई उठल्या. त्या तिथं शिकत नव्हत्या, कुणाची तरी मावशी म्हणून सोबत आल्या होत्या, शिवणकाम करायच्या. त्यांनी विचारलं, "ती शाल खांद्यावरून घसरते ना, ती तेवढी सावकाश कशी घसरते? कापड असं थांबत नाही. मी बघत होते."

कवळीताईनं मान वळवून मावशींकडे नीट बघितलं. प्राध्यापकबाईंना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्या पुन्हा सांगायला लागल्या तेवढ्यात कवळीताई बोलायला लागली. तारेबद्दल सांगितलं, तार काठातून कशी ओवली, पहिली तार जाड पडली म्हणून काठ पत्र्यासारखा कसा दिसला, दुसरी तुटली, रविवार कसा गेला, सोमवारी काय झालं. ते ऐकून मावशी हसल्या, सगळ्यांत मोठ्यानं. मग त्यांनी टाका कुठला घातला ते विचारलं. पुढचा वर्ग भरायची वेळ झाली तरी ती बोलतच होती. प्राध्यापकबाईंनी शेवटी खिडक्यांचे कागद काढायला घेतले. दोघी बोलत बोलत जिना उतरल्या, फाटकाबाहेर आल्या, बस थांब्यावरही उभ्या राहून बोलल्या, आणि कवळीताईची बस तिच्या डोळ्यांदेखत आली नि गेली. ती तारेचं टोक कसं वळवायचं ते बोटांनी दाखवत होती.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. नवरा दारातच म्हणाला की आई जेवायची थांबलीय, ऐकत नाही. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढं सूपचा वाडगा, वर ताटली झाकलेली.

"आवाज लागला?"

"लागला."

"सगळा?"

"सगळा. हसण्यासकट."

"काय म्हणाले लोक?"

कवळीताईनं पिशवी खाली ठेवली. "एका बाईंनी शालीचं विचारलं."

सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी वाडग्यावरची ताटली काढली, एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या की तुझ्या नादात हे पार निवून गेलं, आता कोण गरम करणार. कवळीताईनं चपला काढल्या आणि वाडगा उचलला.